न मोजलेली पेटी

त्या गुरुवारी लॉरीत एक्केचाळिसावी पेटी मी ठेवली. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात गावाने सरकारला दोष दिला, फ्रान्सला दिला, पलीकडच्या बंदरावर माल तपासणाऱ्यांना दिला, शेवटी त्या बिचाऱ्या गुलवेनलाही दिला. माझं नाव मात्र एकदाही कुणाच्या तोंडी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, मला स्वतःहून बोलावं लागलं नसतं. एरवी माझं तोंड दिवसभर चालू असतं, अख्ख्या धक्क्याला विचारा. नेमकं बोलायच्या वेळी माझी दातखीळ बसते.

मी थर्झा नॅनकॅरो. पोर्थवेरनच्या धक्क्यावर मच्छीमार सोसायटीची शेड आहे, तिथे गेली तेहेतीस वर्षं मी खेकडे भरते. बोटी आल्या की खेकडे निवडायचे, लहान सुरीने नांगीची शीर छाटायची, म्हणजे ते एकमेकांचे तुकडे पाडत नाहीत, आणि मग ओल्या पेट्यांत जिवंत लावायचे. गुरुवारी दुपारी खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची लॉरी येते. ती प्लिमथहून रात्रीच्या जहाजाने पलीकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी आमचा माल फ्रान्सच्या बाजारात असतो. गावातली चाळीस घरं त्या एका लॉरीवर चालतात.

ती लॉरी गुलवेन चालवायचा. फ्रान्समधल्या ब्रेटनीचा माणूस, ठेंगणा, एका कानात बारीक रिंग. सव्वीस वर्षांत आमची भाषा त्याला अर्धीच आली, पण जी आली ती आमच्या धक्क्यावरच शिकलेली, त्यामुळे शिव्या अगदी बिनचूक.

तो यायला लागल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. नाताळच्या आदल्या दिवशी बाबांच्या बोटीचं इंजिन समुद्रात बंद पडलं. बोटीवर बाबा आणि माझा मोठा भाऊ क्लेम, आणि वर्षातला सगळ्यात मोठा माल. दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर घड्याळ दाखवून निघून गेला असता. गुलवेन धक्क्यावर पाच तास थांबला. त्याचं जहाज चुकलं, नाताळची संध्याकाळ त्याने आमच्या स्वयंपाकघरात मांस-बटाटा भरलेली पेस्टी खात काढली, आणि वर माझ्या आईला म्हणाला की पेस्टीत मीठ कमी आहे. आईने त्याला ते मरेपर्यंत माफ केलं नाही.

पुढच्या खेपेला बाबांनी त्याच्यासाठी एक पेटी भरली. आमच्याकडे एक लांब तंगड्यांचा काटेरी खेकडा मिळतो. त्याला आम्ही लांबटांग्या म्हणतो आणि कुणी खात नाही, पिंजऱ्यात आमिष म्हणून घालतो. पलीकडे मात्र त्याच्यावर जीव टाकतात, गुलवेनची आई तर विशेष. तेव्हापासून आमच्या धक्क्याचा रिवाजच पडला. ड्रायव्हरची पेटी आधी चढायची, मग आपला माल. आणि ती पेटी मोजायची नाही, कशात लिहायची नाही. "मोजून दिलं की ते देणं राहत नाही," बाबा म्हणायचे. प्रत्येक बोट एक-दोन लांबटांगे त्यात टाकायची, आणि भरायचं काम माझं.

मग आम्ही बाहेर पडलो, म्हणजे आमच्या देशाने फ्रान्स वगैरे देशांचा संघ सोडला.

त्यावरून गावात किती भांडणं झाली ते काय सांगू. क्लेमने बोटीवर हा एवढा मोठा फलक लावला होता, आपला समुद्र आपल्या हातात. निवृत्त शाळामास्तरीण मिस रोझवर्न हिने खिडकीत उलट मताचा फलक लावला. दोघं एकाच चॅपलमध्ये एकाच बाकावर बसायचे, ते दोन टोकांना बसायला लागले. आणि मी? मीही मतपत्रिकेवर बाहेरच्याच चौकोनात फुली मारून आले. क्लेम म्हणाला म्हणून नाही, मला स्वतःला ते पटलं होतं. पेन्सिल हातात होती तेव्हा गुलवेन माझ्या मनातही आला नाही. त्या फुलीचा आणि गुरुवारच्या लॉरीचा काही संबंध असेल असं मला वाटलंच नव्हतं. हे लिहितानाही लाज वाटते.

नव्या व्यवस्थेत दर गुरुवारी जनावरांची डॉक्टरीण यायला लागली. ती पेट्या मोजणार, कागदाच्या सात-आठ पानांवर शिक्के मारणार, मग लॉरीला सील लागणार. पहिल्याच खेपेला मी ड्रायव्हरची पेटी उचलली तर गुलवेनने माझा हात धरला.

"थर्झा, आता नाही. कागदात चाळीस, तर लॉरीत चाळीस."

"अरे, ही आईची आहे."

"त्यांना आई नाही समजत. त्यांना आकडा समजतो."

मला राग आला. त्याच्यावरच आला, खरं सांगते. वीस-बावीस वर्षांचा रिवाज आणि हा मला नियम शिकवतो. मी ती पेटी धक्क्यावरून समुद्रात रिकामी केली आणि दोन आठवडे त्याच्याशी धड बोलले नाही. तो आपला येऊन माझ्या हातचा चहा प्यायचा, साखर कमी आहे म्हणायचा आणि निघून जायचा.

अशी दोन वर्षं गेली. या वर्षी मे महिन्यात तो चहा पिता पिता म्हणाला, "पुढच्या शनिवारी आई नव्वद. अजून विचारते, तिकडचे खेकडे का आणत नाहीस? तिला वाटतं मी विसरतो." हसत हसतच म्हणाला. पण कप खाली ठेवताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

लांबटांग्यांचाच मोसम होता. पुढच्या गुरुवारी, वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, डॉक्टरीणबाई शिक्के मारून, सील लावायच्या आधी हात धुवायला गेली आणि गुलवेन बाहेर जाऊन सिगारेट ओढत होता. मी पेटी सकाळीच भरून ठेवली होती, चांगले बारा निवडक. मागच्या टाकीत अगदी तळाशी सरकवली आणि वर दुसऱ्या पेट्या लावल्या. उद्या दुपारी फोन करून सांगणार होते, घरी पोचलास की मागच्या टाकीत तळाशी बघ. मनातल्या मनात मी त्याचा चेहरासुद्धा बघून घेतला होता. साठी उलटलेली बाई मी, आणि अक्कल एवढीच.

माझा फोन व्हायच्या आधी त्याचा आला. पलीकडच्या बंदरावर त्यांनी नेमकी त्याचीच लॉरी पूर्ण रिकामी करायला लावली होती. कागदात चाळीस पेट्या, लॉरीत एक्केचाळीस. जास्तीच्या पेटीतला खेकडा तर कागदावर कुठेच नव्हता. ती पेटी कुणाची हे त्याने फोनवर विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मग कुणाला विचारायचं, कुठली सही हवी, यात शुक्रवार गेला, शनिवार गेला, आणि पेट्या उन्हात बाहेर. रविवारी सगळा माल मेला. त्यांनी त्यावर औषध ओतून तो पुरून टाकला.

सील शाबूत होतं, म्हणजे पेटी आमच्याच धक्क्यावर चढली हे उघड होतं. चढवली कुणी, एवढाच प्रश्न. गुलवेनच्या कंपनीचं सोसायटीला ईमेलने पत्र आलं. पेटी शेडने दिली की ड्रायव्हरने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवली, ते लेखी कळवा. शेडने दिली म्हटलं, तर माल बाहेर पाठवणाऱ्यांच्या यादीतून आमच्या शेडचं नाव जाणार, चौकशी संपेपर्यंत एक खेकडा पलीकडे जाणार नाही. ड्रायव्हरने ठेवली म्हटलं, तर गुलवेनची नोकरी जाणार.

मंगळवारी सहा वाजता चॅपलच्या हॉलमध्ये सभा बोलावली. मी चहाच्या भांड्यापाशी उभी होते. सोसायटीचा अध्यक्ष पेट्रॉक आंगोव याने पत्र वाचलं. त्याचं वाचून संपलं नाही तोच क्लेम उठला.

"हे बघा, हा सूड आहे, दुसरं काही नाही. आपण बाहेर पडलो हे त्यांना अजून पचलेलं नाही. एका पेटीसाठी चाळीस पेट्या मारतं का कुणी?"

"नियम त्यांचा नाही क्लेम," मिस रोझवर्न बसल्या जागेवरून म्हणाली. "बाहेरून येणाऱ्या मालाला तो आधीपासूनच होता. आपण आत होतो तेव्हा आपणही त्याला मत दिलंय. आता आपण बाहेरचे झालो, एवढंच. आपलं नाक कापून घ्यायचं आणि मग दुखतंय म्हणून शेजाऱ्याला शिव्या द्यायच्या."

"तुमचं नाक शाबूत आहे ना बाई? पेन्शन दर महिन्याला येते. समुद्रात आम्ही जातो."

"समुद्रात जाता, आणि माल विकता कुणाला? इथे त्या खेकड्याला कुणी विचारतं का?"

"विचारतील की. शिकवू आपल्या लोकांना खायला."

"तू स्वतः खाल्लायस कधी लांबटांग्या?"

हॉलमध्ये हशा पिकला. क्लेमचे कान लाल झाले. मग जे सुरू झालं ते थांबेना. एक म्हणतो पुन्हा त्यांच्या बाजारात शिरायला हवं, निदान खाण्याच्या मालापुरतं. दुसरा म्हणतो, मग बाहेर पडलो कशाला, झक मारायला? कुणी लंडनला शिव्या घातल्या, कुणी ब्रसेल्सला. पाऊण तास झाला. त्या पाऊण तासात गुलवेनचं नाव एकदा निघालं, तेही "तो फ्रेंच ड्रायव्हर" असं. सव्वीस वर्षं ज्याला नावाने हाक मारली, तो एका संध्याकाळीत फ्रेंच ड्रायव्हर झाला.

मी चहाचा चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "मला काही सांगायचंय."

पेट्रॉक म्हणाला, "चहाचं नंतर, थर्झा."

"चहाचं नाही."

"बस गं पोरी," क्लेम म्हणाला. तो मला अजून पोरीच म्हणतो. "आधीच उशीर झालाय."

आणि मी बसले. कुणी माझं तोंड दाबलं नव्हतं. पुन्हा उठता आलं असतं. पण समोर चाळीस घरं बसलेली, त्यातली निम्मी पोरं माझ्या हाताखाली वाढलेली, आणि माझ्या एका वाक्याने त्यांची शेड बंद पडणार होती. असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की मला त्या सगळ्यांच्या नजरेची भीती वाटली.

पेट्रॉकने मत मागितलं. शेडचा त्या पेटीशी संबंध नाही, असं लिहून द्यावं, ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा. क्लेमचा हात सगळ्यात आधी गेला. मग त्याच्या बाजूचे गेले, मग दुसऱ्या बाजूचे. शेवटी मिस रोझवर्ननेही मान खाली घालून हात वर केला. या दोन बाजूंचे हात एकत्र वर गेलेले मी सात वर्षांत पहिल्यांदाच पाहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यावर मात्र आमचं एकमत.

माझाही हात वर होता.

बुधवारी सकाळीच ईमेलने पत्र गेलं. त्याच दिवशी सकाळी शेडमध्ये मी आणि क्लेम दोघंच होतो. तो पिंजऱ्याची जाळी शिवत बसला होता. मी नांग्यांच्या शिरा छाटता छाटता म्हटलं, "क्लेम, ती पेटी मी ठेवली."

त्याची सुई थांबली. "कुठली?"

"किती पेट्या आहेत अशा? त्याच्या आईची नव्वदी होती. त्याला माहीत नव्हतं. तो नको म्हणाला होता."

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो उलट्या पेटीवर बसला आणि हातातल्या दोऱ्याकडे बघत म्हणाला, "त्या नाताळात बाबांबरोबर बोटीवर मीच होतो."

"माहितेय मला."

"धक्क्यावर लॉरीचे दिवे दिसले तेव्हा बाबा रडले होते. आईला सांगू नकोस म्हणाले. मी कुणालाच सांगितलं नाही आजवर."

"मग काल हात कसा वर केलास?"

"तू कसा केलास?"

मी पुढचा खेकडा उचलला. क्लेम उठला आणि म्हणाला, "पत्र गेलंय, पोरी. आता कशाला." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा माझा भाऊ. पण जाताना जाळी तिथेच विसरून गेला, आणि असं तो कधी करत नाही.

संध्याकाळी मी स्वतः पत्र लिहिलं. पेटी माझी, सोसायटीला माहीत नव्हतं, गुलवेनला माहीत नव्हतं, काय करायचं ते मला करा. एवढ्या चार ओळी लिहायला मला दोन तास लागले. पाकीट एप्रनच्या खिशात ठेवलं. गुरुवारी दुपारी लॉरी भरून गेली की टाकणार होते.

गुरुवारी अकराच्या सुमाराला शेडमधला फोन वाजला.

"थर्झा? गुलवेन."

"गुलवेन, ऐक. मी पत्र लिहिलंय. आज टाकते. पेटी..."

"नको टाकू. मी सोमवारीच सही करून दिली. पेटी माझी. एका बोटीवरून घेतली, कुठली ते आठवत नाही. झालं, संपलं."

मी टाकीच्या कठड्यावर टेकले. "अरे पण तुला कुठे माहीत होतं? तुझा काय संबंध?"

"थर्झा, तळाला समुद्रातलं शेवाळ, खेकड्याच्या तंगड्या सगळ्या आत मुडपलेल्या, बाळाला गुंडाळतात तशा. असे खेकडे कोण लावतं? त्यांनी झाकण उघडलं आणि मला लगेच समजलं."

"मग सांगायचंस ना माझं नाव."

"तुझं नाव सांगितलं की शेड बंद. तुमची चाळीस घरं. माझं एक. आणि मला दोन वर्षांनी तशीही पेन्शन होती."

"होती म्हणजे?"

"आता थोडी कमी मिळेल." तो हसला. "आईला सांगितलं मी. थर्झाने पाठवले होते, वाटेत राहिले. ती म्हणाली, थर्झाला सांग, पोचले."

मागे पावलं वाजली म्हणून वळून बघितलं तर क्लेम दारात उभा. विसरलेली जाळी न्यायला आला असावा. माझं तोंड बघून तो तिथेच थांबला.

"सभा झाली म्हणे तुमची," गुलवेन म्हणाला. "कंपनीत म्हणाले, सोसायटीचंही पत्र आलंय. मला वाचायला नाही दिलं. काय ठरलं?"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. निदान त्याला तरी. तो माणूस रागावला नसता, शिवी देऊन मोकळा झाला असता. पण मी ऐकत होते त्याचा आवाज, त्यात कुठे काही लागल्याचं नव्हतं. नोकरी गेलेला माणूस असा बोलत होता जसा काही मोठं ओझं उतरवून बसलाय. ते ओझं मी परत त्याच्या डोक्यावर कशी ठेवू?

"सगळे तुझ्या बाजूने उभे राहिले," मी म्हटलं. "गुलवेनचा दोष नाही, असंच लिहायचं म्हणाले. पेट्रॉकच घाबरला आणि गुळमुळीत काहीतरी लिहिलं असेल."

"क्लेमसुद्धा?"

"क्लेमने सगळ्यात आधी हात वर केला."



"मला माहीत होतं," तो म्हणाला. "सही करताना मी तेच म्हटलं स्वतःला. ही माणसं मला अशी सोडणार नाहीत, मग मी त्यांना कसा सोडू? क्लेमला माझे आभार सांग. त्याला म्हणावं, मतं कुणाची काहीही असोत."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. खिशातलं पाकीट हाताला लागत होतं. आता ते टाकलं तर त्याने खोटं लिहून दिलं असं ठरणार, शेड जाणार ती जाणारच, आणि त्याची नोकरीही परत यायची नाही. माझं खरं बोलणं इतकं उशिरा आलं होतं की त्याचा कुणालाच उपयोग उरला नव्हता.

क्लेम अजून दारातच होता. "तोच ना?" त्याने विचारलं. "काय म्हणाला?"

"तुझे आभार मानलेत त्याने," मी म्हटलं.

क्लेमने टोपी काढली, पुन्हा घातली. मग माझी सुरी उचलली आणि माझ्याकडे पाठ करून खेकड्यांच्या नांग्यांच्या शिरा छाटायला बसला. चाळीस वर्षांत त्याने हे काम कधी केलं नव्हतं, त्याचा हात दोनदा कापला. दुपारी नव्या ड्रायव्हरची लॉरी येईपर्यंत तो तिथून उठला नाही, आणि मग आम्ही दोघांनी मिळून पेट्या दोनदा मोजल्या. चाळीसच होत्या.